जगदाळेकाकांचं पाचवं पान

जगदाळेकाका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा मी त्यांना मागच्या अंगणात नेऊन माझी शेड दाखवली. ही माझी चूक. स्वतःच्या हाताने काही बांधलं असेल तर ते पाहुण्याला दाखवण्याआधी पाहुणा आयुष्यभर काय काम करत होता, ते विचारून घ्यावं.

तीन शनिवार-रविवार खपून मी ती शेड उभी केली होती. दार उघडताना थोडं उचलून घ्यावं लागतं, एवढं सोडलं तर तिच्यात दोष नव्हता. काका 'वा' म्हणतील म्हणून मी शेजारी उभा राहिलो. त्यांनी शेडकडे पाहिलंच नाही. ते कुंपणाच्या कोपऱ्यात गेले, वाकून गवत बाजूला केलं, चपलेच्या टोकाने माती उकरली आणि आतून हद्दीची एक कुजत आलेली पांढरी खुंटी दिसू लागली. मग दुसऱ्या टोकाला गेले. तिथेही तेच. मग खिशातून मोजपट्टी निघाली. लेंग्याच्या खिशात मोजपट्टी घेऊन जेवायला येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"रविराव, ही तुम्ही बांधली?"

"हो. सगळी मीच."

"बांधलीय चांगली. पण दुसऱ्याच्या जागेत." त्यांनी मोजपट्टी गुंडाळली. "दोन फूट आणि वर चार बोटं. सबब, जेवायच्या आधी शेजाऱ्यांना भेटून आलेलं बरं."

काका पुरंदर तालुक्यात पस्तीस वर्षं भूकरमापक होते. म्हणजे शेताच्या बांधावरून दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले की सरकारतर्फे जो माणूस नकाशा आणि साखळी घेऊन येतो, तो. कागदपत्रांतली भाषा त्यांच्या तोंडात कायमची बसली होती. कुठल्याही बोलण्याचा शेवट ते 'सबब' म्हणून करत. चहात साखर कमी आहे, सबब दुसरा करावा. पाऊस येतोय, सबब कपडे काढावेत. आणि त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं, "कागदावर नाही ते जमिनीवर नाही." बायको गेल्यावर मुलगा मंदार त्यांना इकडे न्यूझीलंडला, पामर्स्टन नॉर्थला घेऊन आला. मंदार माझ्याच ऑफिसात. आमच्या संस्थेत गवतावर संशोधन चालतं आणि आम्ही दोघं त्या संशोधनाचे कॉम्प्युटर चालू ठेवतो. आम्ही रजेवर गेलो तरी गवत उगवतं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

तर जेवण तसंच ठेवून आम्ही शेजारच्या बिल ओलसेनकडे गेलो. शुभा, माझी बायको, स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "अरे, पोळ्या गार होतायत." मी म्हटलं, "हद्दीचा प्रश्न आहे." ती म्हणाली, "मंदारच्या बाबांना जेवायला बोलावलंय की सरकारला?"

बिल तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. थंडीतही हाफ पँट आणि पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. काकांनी ऑफिसच्या इंग्रजीत, शब्द चावून चावून त्याला सांगितलं, की आदरणीय महोदय, या गृहस्थांनी आपल्या मिळकतीवर अतिक्रमण केलेलं आहे. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण कुठल्या जमिनीने, हाच वाद होता. बिलने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोन फूट ना? शी'ल बी राइट." म्हणजे आपल्याकडचं 'चालतंय हो'. पुढे म्हणाला, "माझ्या पणजोबाने तर इथलं अख्खं रान घेतलं होतं."

"कोणाकडून?" काकांनी लगेच विचारलं.

बिलने कुंपणाकडे पाहिलं. "तू ते विचारायला लागलास तर सगळ्यांच्याच शेडी हलवाव्या लागतील, मित्रा."

इथली सगळी जमीन मुळात माओरींची. काकांना हे उत्तर फार आवडलं. तरी लेखी परवानगी घेतल्याशिवाय ते जेवले नाहीत. माझ्या मुलीच्या वहीचं पान फाडून त्यांनी त्यावर चतुःसीमा लिहिली, पूर्वेस अमुक, पश्चिमेस ओलसेन, आणि खाली आम्हां दोघांच्या सह्या घेतल्या. मग गार पोळ्या खाल्ल्या आणि शुभाला म्हणाले, "सूनबाई, उत्तम. सबब आणखी एक वाढा."

त्यानंतर दर बुधवारी चार वाजता काका बिलच्या गॅरेजमध्ये चहाला जाऊ लागले. मंदारच्या घरापासून वीस मिनिटं चालत. दोघांचं इंग्रजी एकमेकांना अर्धंच कळत असावं, कारण बिल शब्द गिळून बोलायचा आणि काका एकेका शब्दावर शिक्का मारल्यासारखं बोलत. अडलं की मला फोन यायचा. मी ऑफिसातून लवकर निघायचं कारण शोधतच असायचो.

अशाच एका बुधवारी मी गेलो तेव्हा काकांच्या हातात वीतभर लांबीची लोखंडी किल्ली होती. ती बिलच्या गॅरेजमध्ये करवतींच्या शेजारी खिळ्याला टांगलेली असायची. मला वाटायचं, शोभेची आहे.

"रविराव, बसा," काका म्हणाले. "हे काय सांगतायत ते मला नीट सांगा. एक शब्द आहे. ओडेल."

बिलने सांगितलं ते असं. त्याचा पणजोबा नॉर्वेतला. शेत एक, भाऊ दोन. थोरल्याला शेत मिळालं, धाकटा दीडशे वर्षांपूर्वी बोटीत बसून इथे रान तोडायला आला. निघताना आईने त्याला धान्याच्या कोठाराची जुनी किल्ली दिली, कारण द्यायला दुसरं काही नव्हतं. पण धाकट्याला एक हक्क राहिला होता. त्यांच्या कायद्यात पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात चालत आलेल्या जमिनीला ओडेल म्हणतात. अशी जमीन भावाने परक्याला विकली, तर ठरावीक मुदतीत घरातल्या माणसाने येऊन किंमत द्यायची आणि जमीन परत घ्यायची. विकत घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. आजही तिथे हा कायदा आहे.

"मग?" काकांनी विचारलं.

"मग भावाने विकलं," बिल म्हणाला. "बहिणीने पत्र लिहिलं, ये म्हणून. पत्र इथे पोहोचायला महिने लागले. इथे बायको बाळंतीण, रान अर्धं तोडलेलं, जाणार कसा? मुदत संपली त्या दिवशी त्याने काय केलं माहितीय? काही नाही. नेहमीसारखा झाड तोडायला गेला. माझ्या आजीने सांगितलं मला."

काकांनी किल्ली खिळ्याला परत अडकवली, मग पुन्हा काढली आणि पुन्हा अडकवली. चहा तसाच राहिला. मी त्यांना गाडीने घरी सोडलं. उतरताना म्हणाले, "असं कलम आमच्याकडे असतं तर." आणि दार लावून गेले.

त्या 'तर'चा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांना एका गावात मोजणीला जावं लागलं होतं. धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत, मागे थोरल्याने सगळी जमीन विकली. गिरणी बंद झाल्यावर धाकटा परत आला तो मोजणीच्या दिवशीच. नवा मालक, पंच, तलाठी सगळे हजर. "मी दगड रोवत होतो," काका म्हणाले, "आणि तो बाजूला उभा. मला विचारलं, साहेब, काही करता येईल का? मी म्हटलं, नियमात बसत नाही. खरंच बसत नव्हतं हो. मग तो गेला आणि आमच्यासाठी कळशीभर पाणी घेऊन आला. मला तहान लागली होती, मी प्यालो."

हे सांगून त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "आता या शब्दाचं मूळ काढा. हा आला कुठून?"

पुढचे कित्येक बुधवार आम्ही त्या एका शब्दाच्या मागे होतो. गवताच्या संशोधनासाठी घेतलेल्या महागड्या कॉम्प्युटरवर मी नॉर्वेचे जुने कायदे वाचत होतो आणि साहेब मागून गेले की आलेख उघडत होतो. काकांकडे लाल पुठ्ठ्याची वही होती. नोकरीत असताना रोज लिहायची दैनंदिनी असते, तशीच ती ठेवलेली. तिच्यात त्यांनी सगळं टिपलं. ओडेल हा शब्द फार जुना, त्यांच्या आर्ष भाषेतला. नाव लागायचं घराण्याच्या जमिनीला. खानदान, कूळ, उमराव यांना जे शब्द आहेत, त्यांच्याच गोतातला. म्हणजे आधी कूळ की आधी जमीन हे त्या शब्दावरून सांगता येत नाही. दोन्हीला मूळ एकच. बोटींतून तो शब्द स्कॉटलंडच्या वरच्या बेटांवर गेला आणि तिथल्या कायद्यातही राहिला. नॉर्वेच्या संसदेतल्या एका सभागृहाला तर अगदी परवापर्यंत त्याच शब्दावरून नाव होतं.

"आणि आमच्याकडे मिरास," काका म्हणाले. "तो शब्द अरबी. अर्थ तोच, वारशाने आलेलं. मिरासदार दुष्काळात परागंदा झाला, पिढीभर कुठे राहिला, तरी परत येऊन म्हणू शकायचा, की ही माझी. आमच्या दप्तरात जुने कागद होते, मी वाचलेत. मग नवीन कायदे आले आणि तो शब्द आडनावापुरता उरला. बघा, दोन टोकांना दोन माणसं, एकमेकांना ठाऊक नाहीत, पण दोघांनी जमिनीसाठी सारखाच दरवाजा ठेवला, मागून येणाऱ्यासाठी. त्यांचा राहिला, आपला बुजला."

एक गोष्ट त्यांना सगळ्यांत जास्त लागली. जुन्या काळी ओडेलचा दावा सांगायचा तर वाडवडिलांची नावं मोजत मोजत मागे जावं लागे, थेट ज्या टेकाडाखाली पहिला पूर्वज पुरला आहे तिथपर्यंत. काकांनी वही मिटली. "आपल्यात टेकाड कुठून आणायचं? आपण जाळतो आणि राख पाण्यात सोडतो. मोजायला काय उरतं, तर सातबारा."

आता त्यांच्या सातबाराबद्दल. सासवडच्या पुढे त्यांची चार एकर होती, आजोबांनी खणलेल्या विहिरीसकट. अंजीर, सीताफळ, थोडा वाटाणा. पुतण्या बघायचा. काका इथे बसून रोज त्याला फोन करून विहिरीचं पाणी विचारत. इतर कशाबद्दल त्यांनी विचारलेलं मी ऐकलं नाही.

त्याच हिवाळ्यात मंदारला ऑकलंडची नोकरी मिळाली. हिल्सबरोला घर बघितलं, इराच्या शाळेजवळ. इरा म्हणजे मंदारची मुलगी, बारा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. घर घ्यायचं तर सासवडची जमीन विकणं भाग होतं. मंदार वाईट मुलगा नाही, हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण अशा गोष्टींत मुलगा वाईट असला की आपल्याला बरं पडतं. त्याने तीन आठवडे बापाला विचारायचं टाळलं आणि शेवटी केतकीनेच, त्याच्या बायकोने, जेवताना विषय काढला. काकांनी विचारलं, "इराची खोली कोणत्या बाजूला येईल?" केतकी म्हणाली, "पूर्वेला." काका म्हणाले, "मग चांगलंय." झाला निर्णय.

सासवडच्या वकिलाने कुलमुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला, चार पानांचा. त्यावर पुतण्याने काकांच्या वतीने व्यवहार करायचा. वेलिंग्टनला भारतीय उच्चायुक्तालयाच्या कचेरीत सह्या करून शिक्के मारून घ्यायचे होते. मंदार त्या दिवशी ऑकलंडला होता. म्हणून काकांना गाडीतून न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी माझा एकुलता एक कोट घातला. काकांनी टाय लावला होता.

वाटेत लेविनला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. वळणदार अक्षरात, हाताने लिहिलेला. "हे पाचवं पान. शेवटी जोडायचं." मी वाचलं. सदर मिळकत कुटुंबाबाहेर गेल्यास, त्या तारखेपासून वीस वर्षांच्या आत माझी नात इरा मंदार जगदाळे हिने मागणी केल्यास, योग्य ती किंमत घेऊन मिळकत तिला परत द्यावी. यास नॉर्वे देशी ओडेल व आपल्याकडे पूर्वी मिरास म्हणत. सबब हे लिहून ठेविले.

"काका, मंदारला दाखवलंय?"

"त्याला घराचं टेन्शन आहे. कशाला?"

"पण हे चालेल का?"

"एकदा बांधणीत आलं की चाललं. कागदावर आहे ते जमिनीवर आहे." मग मफिन तोडत म्हणाले, "वीस वर्षांत पोरगी शहाणी होईल हो. नाही मागितली तर नाही. पण मागायला दार तर पाहिजे."

पस्तीस वर्षं ज्या माणसाने लोकांना काय नियमात बसतं आणि काय बसत नाही ते सांगितलं, त्याला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याला कळून घ्यायचं नव्हतं. मला मात्र लख्ख कळत होतं. तिथेच बोलायला हवं होतं. मी त्यांच्या मफिनचे पैसे दिले आणि गाडी सुरू केली.

कचेरीत काकांनी चार पानांवर सह्या केल्या, पाचव्यावरही केली, आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. कागद घेऊन मी खिडकीपाशी उभा. खिडकीतली मुलगी सभ्य होती. तिने पानं मोजली, पाचवं वाचलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सर, हे वकिलांच्या मसुद्यात नाहीये. हे जोडलं तर तिकडे नोंदणीला अडकेल. सगळं परत करावं लागेल. काढून देऊ का?"

मी मागे वळून बघितलं. काका माझ्याकडे बघत नव्हते. दुसऱ्या खिडकीवर एक जण शिक्के मारत होता, त्याच्या हाताकडे बघत होते. जुना वादक तरुणाचं वाजवणं ऐकतो तसे. त्यांना बोलावून घ्यायला आठ पावलं लागली असती. त्या मुलीने त्यांना सांगितलं असतं, काका, नियमात बसत नाही. आणि मला ते बघायचं नव्हतं. मंदारचं घर अडेल हेही डोक्यात होतंच, पण ते कारण मी नंतर पुढे केलं. खरं कारण पहिलं.

"काढा," मी म्हटलं.

तिने पान मला दिलं. मी ते चौपदरी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. चार पानं दोऱ्याने बांधून, शिक्के मारून आली. काकांनी गठ्ठा हातात घेतला, अंगठ्याने कडा चाचपली आणि मला परत दिला.

"पाचव्यावर क्रमांक पडला?"

"पडला," मी म्हटलं.

"शिक्का?"

"तोही."

"छान," काका म्हणाले. "चला मग, तुम्हाला उशीर होतोय."

परतताना ते खूप बोलले. बिलच्या पणजोबाबद्दल, विहिरीतल्या कासवाबद्दल, इराला सीताफळ आवडत नाही पण अंजीर आवडतं याबद्दल. मला वाटलं, खूश आहेत. माणसं ओळखण्यात मी शेड बांधण्याइतकाच हुशार आहे.

शुभाला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. चुकीची गोळी गेली तर लगेच सांगायचं, असा त्यांच्यात नियम आहे. ती म्हणाली, "उद्या जाऊन सांगून टाक." मी म्हटलं, "उद्या त्यांचं सामान बांधायचंय." मग म्हटलं, ऑकलंडला गेल्यावर फोनवर सांगतो. मग म्हटलं, हे फोनवर सांगायचं का? अशा रीतीने मी तो विषय इतका काळजीपूर्वक पुढे ढकलत राहिलो, की त्यात थोडी प्रतिष्ठाही वाटायला लागली.

निघायच्या आदल्या दुपारी काका बिलला भेटायला आले. बिलने ती किल्ली त्यांना देऊ केली. काकांनी घेतली नाही. "तुमच्या नातवाला द्या," म्हणाले. "माझं काम झालंय. कागदावर आहे." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी शेडच्या दाराशी उगाच काहीतरी ठोकत होतो.

हिल्सबरोहून ते रविवारी फोन करायचे. नवीन घराच्या चारही खुंट्या सापडल्या, चौथी शेजाऱ्याच्या गुलाबाखाली. बिल कसा आहे? शेडचं दार अजून उचलावं लागतं का? पाचव्या पानाबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. जमीन विकली गेली. ज्या दिवशी नोंदणी झाली त्या रविवारी फक्त एवढं म्हणाले, "आता पुतण्याला पाण्याचं विचारता येत नाही. काय बोलायचं तेच कळत नाही त्याच्याशी."

आठ महिन्यांनी मंदारचा फोन आला. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, चहाला हाक मारली तर उठले नाहीत.

शुभा आणि मी ऑकलंडला गेलो. मी तोच कोट घातला, कारण दुसरा नाही. सगळं उरकल्यावर मंदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबांची इच्छा होती, राख विहिरीपाशी टाकावी. सासवडला चुलतभावाला विचारायला सांगितलं. नवीन मालकाने भिंत घातलीय. वॉचमन आत सोडत नाही म्हणे." त्याचा चेहरा बघवत नव्हता. "मी काय करू, रवी?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याला नकोसा झाला असावा, म्हणून काढला.

निघताना त्याने मला लाल पुठ्ठ्याची वही दिली. "यात तुमचं ते नॉर्वेचं आहे. मला त्यांचं अक्षर लागत नाही. तूच ठेव." गाडीपाशी इरा उभी होती. वर्षात उंच झाली होती. म्हणाली, "रवीकाका, आबा सेड देअर'ज अ पेज विथ माय नेम ऑन इट. मला सापडत नाहीये. डू यू नो व्हेअर इट इज?"

तिच्या तोंडून 'मला सापडत नाहीये' एवढं अख्खं मराठी मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी म्हटलं, "बघतो." आणि गाडीत बसलो.

मोटरवेला लागल्यावर शुभाने वही उघडली आणि वाचून दाखवायला लागली. तिला कुठलंही अक्षर लागतं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून सवय झालीय. ओडेलचं मूळ, बेटांवरचा प्रवास, मिरास, टेकाडापर्यंत मोजायची नावं. खाली काकांनी स्वतःची लिहिली होती: मारुती, गणपत, रामजी, येसू, पुढे फुली आणि 'माहीत नाही'. मग बिलच्या चहाच्या नोंदी, माझ्या शेडची मापं. मग ती थांबली.

"काय झालं?"

"वेलिंग्टनच्या दिवसाचं आहे."

"वाच."

तिने वाचलं. "आज सह्या झाल्या. बांधणी हाताने पाहिली. पाने चार. पाचवे परत आले, ते रवि यांच्या कोटाच्या आतील खिशात आहे. विचारले असता क्रमांक पडला म्हणाले. त्यांचा नाइलाज झाला असावा. मी एकास नियमात बसत नाही असे खरे सांगितले होते, त्यापेक्षा हे बरे वाटले. सबब मागू नये."

गाडी चालवताना समोर बघावं लागतं, हे एक बरं असतं. बॉम्बे नावाच्या टेकडीची पाटी आली. दर वेळी या पाटीपाशी आम्ही काहीतरी विनोद करतो. शेवटी मी म्हटलं, "म्हणजे ते आठ महिने..."

शुभाने वही मिटून मांडीवर ठेवली. मग हात लांब करून माझ्या कोटाच्या आतला खिसा बाहेरूनच चाचपून बघितला.

"पुढच्या एक्झिटला गाडी वळव," ती म्हणाली. "इरा अजून घरीच असेल."